किडनी वाचवण्यासाठी आरओ घ्यावा का? टीडीएस पेन, गावचा वॉटर एटीएम आणि घरचं मशीन: एक परीक्षण

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. तिथे सध्या तीन वस्तू एकाच वाक्यावर विकल्या जातात: "किडनी वाचवायची असेल तर घ्या." एक म्हणजे खिशात मावणारा टीडीएस पेन (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण), दुसरा चौकातला वॉटर एटीएम, म्हणजे पैसे देऊन आरओच्या पाण्याचा जार भरून घ्यायचा प्लँट, आणि तिसरं स्वयंपाकघरातलं आरओ मशीन, जे दाबाने पाणी मेंब्रेन नावाच्या पडद्यातून ढकलून क्षार अडवतं. इथे कुठल्या कंपनीची शिफारस नाही आणि कुणाची बदनामीही नाही. सगळ्या कंपन्यांच्या मशीनची आतली रचना जवळपास सारखीच असते, म्हणून परीक्षण त्या रचनेचं आणि त्या वाक्याचं आहे.

निकाल आधीच सांगतो. खारं, फ्लोराइडचं किंवा नायट्रेटचं पाणी पिण्याजोगं करायला आरओ उत्तम आहे. रक्तदाबाच्या किंवा आधीच मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या माणसाने खारपाणपट्ट्यात आरओचंच पाणी प्यावं. पण 'आरओ बसवला, आता किडनीची काळजी मिटली' हे खरं नाही. आणि जार विकत घ्यावा लागतो म्हणून घरातली माणसं पाणी कमी पिऊ लागली, तर हाच आरओ नुकसान करतो.

असं का, हे समजायला आजार कुठे कुठे दिसतो ते पाहावं लागतं. मधुमेह नाही, रक्तदाब फारसा नाही, मुतखडा नाही आणि तरी तिशी-चाळिशीतल्या शेतकरी-मजुरांची मूत्रपिंडं निकामी होतात, असे पट्टे जगात मोजकेच आहेत. श्रीलंकेत उत्तर-मध्य प्रांतातले अनुराधापुरा आणि पोलोन्नारुवा हे जिल्हे. आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातला नारळ-काजूच्या बागांचा उद्दानम प्रदेश. तिथल्या २४०२ प्रौढांच्या पाहणीत सुमारे २१ टक्के लोकांना मूत्रपिंडाचा जुनाट आजार आढळला. छत्तीसगडमधलं सुपेबेडा. गोव्यात काणकोण. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वाडोरच्या किनारपट्टीवरचे ऊसतोड कामगार.

आता या ठिकाणांचं पाणी शेजारी शेजारी ठेवून बघा. श्रीलंकेच्या त्या भागात भूजल जड आहे आणि त्यात फ्लोराइड आहे. उद्दानममध्ये अनेक तपासण्यांत जड धातू बहुतांशी मर्यादेत निघाले. काणकोणच्या भूजलाचा अभ्यास झाला तेव्हा संशय सिलिका आणि शिसं यांच्यावर गेला. मध्य अमेरिकेत तर पाण्यापेक्षा उन्हाचाच धागा जास्त पक्का आहे: समुद्रसपाटीलगतच्या उसाच्या फडात आजार आहे, उंचावरच्या थंड कॉफीमळ्यांत तो बराच कमी आहे. चारही ठिकाणी पाण्यात एकच गुन्हेगार सापडत नाही. खारपाणपट्ट्यातल्या रुग्णांविषयी गावोगाव बोललं जातं, पण क्षार हेच कारण असल्याचं सिद्ध झालेलं नाही. म्हणून जो विक्रेता 'पाणी हेच कारण' असं छातीठोकपणे सांगतो, तो शास्त्राच्या पुढे धावतो आहे.

बाल्कन देशांचं उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवावं. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या खेड्यांतला असाच आजार १९५०च्या दशकात नोंदला गेला आणि कित्येक वर्षं विहिरींवर, धातूंवर, बुरशीवर संशय घेतला गेला. अखेर दोष निघाला भाकरीच्या पिठात. गव्हाच्या शेतातल्या ॲरिस्टोलोकिया नावाच्या तणाचं बी धान्यासोबत दळलं जात होतं, आणि त्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाच्या खुणा २००७ साली रुग्णांच्या मूत्रपिंडातल्या डीएनएवर सापडल्या. आपल्याकडची ईश्वरी किंवा सापसन ही वनस्पती याच कुळातली आहे. तिचा काढा किंवा मुळी कुणी घरगुती औषध म्हणून देत असेल तर ते आजच बंद करा. जगातला कुठलाही फिल्टर त्यापासून वाचवू शकत नाही.

टीडीएस पेनकडे वळू. किंमत दोनशे ते चारशे रुपये, आणि तेवढ्या पैशात तो उपयोगी आहे, फक्त त्याच्याकडून भलती अपेक्षा नको. हा पेन क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्या आकड्याला बहुतेक वेळा ०.५ ने गुणून 'टीडीएस' म्हणून दाखवतो. त्यामुळे ज्याच्यातून वीज वाहत नाही ते त्याला दिसतच नाही. विरघळलेली सिलिका दिसत नाही, कीटकनाशकं दिसत नाहीत, जंतू दिसत नाहीत. शिशाची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० मिलिग्रॅम. पेनचा आकडा एकेकाने हलतो, म्हणजे मर्यादेच्या शंभरपट शिसं असलं तरी तो जेमतेम एका अंकाने सरकेल. काणकोणसारख्या ठिकाणी पेनवर ८० दिसलं म्हणून पाणी निर्धोक, हा निष्कर्ष सरळ चुकीचा आहे. दुकानदार मात्र नेमकं हेच प्रात्यक्षिक करतो: नळाचं पाणी ९००, मशीनचं ४०, झाला व्यवहार.

पेन कशाला वापरावा? तुमच्याच मशीनची तब्येत पाहायला. मशीनमध्ये जाणारं पाणी आणि बाहेर पडणारं पाणी यांचे आकडे दर महिन्याला कॅलेंडरवर लिहा. आत २०००, बाहेर १२० असेल तर मेंब्रेन ९४ टक्के क्षार अडवते आहे. हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या खाली घसरलं की मेंब्रेन संपली, किंवा तिच्या ओ-रिंगमधून (रबरी कडीतून) कच्चं पाणी निसटतंय. पेन स्वतः बरोबर आहे का, हेही घरी पाहता येतं: ५ लिटर आरओच्या पाण्यात ५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. आकडा १००० आणि त्या आरओच्या पाण्याचा मूळ आकडा यांच्या बेरजेच्या आसपास यायला हवा. शंभराच्या वर फरक पडला तर पेनमागचा स्क्रू हळूच फिरवून जुळवा, स्क्रू नसेल तर पेन बदला. एकच ग्रॅम मीठ एक लिटरमध्ये घालून हा प्रयोग करू नका. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक ग्रॅम नीट मोजला जात नाही. आणि गरम पाण्यात पेन बुडवू नका.

पाण्यात नेमकं काय आहे हे पेनवर नाही, प्रयोगशाळेत कळतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत फ्लोराइड, नायट्रेट, क्लोराइड, कठीणपणा यांची तपासणी होते. स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत एक लिटर पाणी न्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, बोअर पाच मिनिटं चालवून मग भरा. एक नमुना मे महिन्यात आणि एक पावसाळ्यानंतर, कारण दोन्हीत मोठा फरक पडतो. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक पाहायचं असेल तर प्रयोगशाळेकडूनच नायट्रिक आम्ल घातलेली बाटली मागून घ्या. साध्या बाटलीत धातू भिंतीला चिकटून बसतात आणि अहवाल खोटा चांगला येतो.

आता गावचा वॉटर एटीएम. २० लिटरला पाच-दहा रुपये, हा दर रास्त आहे, आणि प्लँट नीट चालवला तर पाणी घरच्या मशीनइतकंच किंवा त्याहून चांगलं मिळतं. कारण इथे दाब जास्त असतो आणि रसायन टाकायची सोय असते. रांग अशी असते: कच्च्या पाण्याची टाकी, वाळूचा फिल्टर, कार्बन फिल्टर, अँटिस्केलंटचा (मेंब्रेनवर थर बसू न देणाऱ्या रसायनाचा) डोसिंग पंप, ५ मायक्रॉनचं काडतूस, उच्च दाबाचा पंप, मेंब्रेन, स्टीलची साठवण टाकी, यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा). बिघाड होतो तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. अँटिस्केलंटचं पिंप रिकामं होतं, कुणी भरत नाही, आणि जड पाण्यातला चुना व सिलिका मेंब्रेनवर दगडासारखी बसते. मग पाण्याची धार बारीक होते, चालवणारा वैतागतो आणि धार वाढवायला कच्चं पाणी मिसळायला लागतो. ग्राहकाला चवीवरून लगेच कळत नाही.

म्हणून जार भरण्याआधी तीन गोष्टी डोळ्यांनी बघा. डोसिंगच्या पिंपात द्रव आहे का. काडतुसाच्या दोन्ही बाजूंच्या दाबमापकांतला फरक एक बारच्या आत आहे का. त्याहून जास्त असेल तर काडतूस तुंबलं आहे. आणि नळाखाली स्वतःचा पेन धरून आकडा किती येतो. गेल्या महिन्यात ११० होता आणि आज ४०० असेल तर विचारा. चांगला चालक रागावत नाही, तो स्वतःच वहीत हे आकडे लिहून ठेवतो.

चौथी गोष्ट गावाने मिळून बघायची आहे: नाकारलेलं पाणी कुठे जातं. ३००० टीडीएसच्या बोअरवर निम्मं पाणी शुद्ध निघालं तर उरलेल्या निम्म्यात सगळे क्षार गोळा होतात, म्हणजे जवळजवळ ६०००. ते पाणी प्लँटमागच्याच खड्ड्यात सोडलं तर मुरून पुन्हा त्याच बोअरमध्ये उतरतं आणि दर वर्षी कच्चा आकडा वर चढत जातो. अशी जागा दिसली तर त्या प्लँटचं आयुष्य मोजकंच आहे असं समजा.

जारबद्दल. पाणी शुद्ध असूनही जुलाब होतात त्याला बहुधा जारच कारणीभूत असतो. आतून हात फिरवला की बुळबुळीत लागतं, तो जंतूंचा थर. आठवड्यातून एकदा एक लिटर पाण्यात ५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचे २ मिली घाला, जारमध्ये ओतून सगळ्या बाजूंनी हलवा, दहा मिनिटं ठेवा, मग दोनदा खळबळून टाका. जार उन्हात ठेवू नका, शेवाळ धरतं.

घरच्या मशीनमध्ये सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे एक छोटा स्क्रू, आणि त्याविषयी विक्रेता क्वचितच बोलतो. त्याला टीडीएस ॲडजस्टर, कंट्रोलर किंवा बायपास स्क्रू म्हणतात. चव यावी, 'मिनरल' राहावेत म्हणून हा स्क्रू मेंब्रेनला वळसा घालून थोडं पाणी बाहेरच्या धारेत मिसळतो. पाणी गोड लागतं, पण मेंब्रेनने अडवलेलं फ्लोराइड, नायट्रेट, शिसं, सिलिका त्याच वाटेने परत येतं. फ्लोराइडचा त्रास असलेल्या यवतमाळ-चंद्रपूरच्या गावांत किंवा धातूंचा संशय असलेल्या कुठल्याही बोअरवर हा स्क्रू पूर्ण बंद ठेवा. बाहेरचा आकडा ३०-६० आला तरी घाबरू नका. कॅल्शियम-मॅग्नेशियम आपल्याला मुख्यतः भाकरी, डाळ, दूध, भाज्या यांतून मिळतं. बसवायला आलेल्या माणसासमोरच स्क्रू बंद करून घ्या, कारण नंतर दर सर्व्हिसला तो पुन्हा उघडला जातो.

खाऱ्या पाण्यावर मशीनची क्षमता कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी भरते, त्यात फसवणूक असतेच असं नाही. लिटरमागे दर १०० मिलिग्रॅम क्षाराला मेंब्रेनवर साधारण एक पीएसआय (दाबाचं माप) जास्तीचा दाब लागतो. ३००० टीडीएसवर ३० पीएसआय नुसते क्षाराशी झुंजण्यातच जातात. हिवाळ्यात पाणी थंड झालं की धार आणखी पाव हिश्श्याने कमी होते. म्हणून २०००च्या वरच्या पाण्याला 'हाय टीडीएस' मेंब्रेन आणि चांगला बूस्टर पंप मागा, साधी ७५ जीपीडीची (दिवसाला ७५ गॅलनची) मेंब्रेन नको. ५ मायक्रॉनचं बाहेरचं काडतूस गढूळ पाण्यावर दोन-तीन महिन्यांत बदलावं लागतं. नळयोजनेचं क्लोरिनचं पाणी असेल तर कार्बन वेळेवर बदला, क्लोरिन मेंब्रेन कायमची खराब करतं. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाया जातं. त्यातून संडास आणि फरशी धुवा. भाजीच्या वाफ्यात घालू नका, माती खारवते. मशीनची किंमत आठ ते अठरा हजार, पण खरा खर्च वर्षाच्या देखभालीचा, अडीच ते पाच हजार. तो झेपणार नसेल तर मशीन घेऊच नका, सांभाळलेल्या एटीएमचा जार बरा. पाणी उकळून किंवा तुरटी फिरवून क्षार जात नाहीत. उकळल्याने उलट दाट होतात.

आरओचा मूत्रपिंडाला खरा फायदा कुठून होतो, याचा हिशेब मांडू. खाऱ्या विहिरीच्या लिटरभर पाण्यात ७०० मिलिग्रॅम सोडियम धरलं आणि शेतकऱ्याने दिवसाला ४ लिटर पाणी प्यायलं, तर २८०० मिलिग्रॅम सोडियम पोटात गेलं. म्हणजे सुमारे ७ ग्रॅम मीठ, ठेच्या-लोणच्याच्या आधीच. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा सगळं मिळून ५ ग्रॅम आहे. हा भार रक्तदाबावर पडतो आणि रक्तदाब मूत्रपिंड खातो. इथे आरओ पैसे वसूल करून देतो. पण मग भात, वरण, चहा यांनाही तेच पाणी हवं. पिण्याला जार आणि स्वयंपाकाला विहीर असं केलं तर अर्धा फायदा गेला. पाच माणसांच्या घराला उन्हाळ्यात एक जार पुरत नाही, दोन धरा.

आणि शेतातलं पाणी? इथे तिन्ही वस्तू नापास आहेत. घरून नेलेली दोन लिटरची बाटली अकराला संपते, मग माणूस शेतातल्या विहिरीवर जातो किंवा घरी येईपर्यंत तहान मारतो. मध्य अमेरिकेतल्या फडांवर पाणी, विश्रांती आणि सावली यांची शिस्त लावली जाते ती याचसाठी: उन्हात अंगमेहनत करताना दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे सहा तासांच्या कामाला साडेचार ते सहा लिटर, आणि तासादोनतासाला सावलीत बसणं. आपल्या मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचं काम तेच आहे, कोयता तोच आहे आणि फेब्रुवारी-मार्चचं ऊनही तेवढंच आहे. मुकादमाने टोळीसोबत २० लिटरचे दोन-तीन थर्मास जार ठेवणं हे घरच्या मशीनपेक्षा स्वस्त आणि जास्त कामाचं आहे. सूज असलेल्या किंवा डायलिसिसवरच्या रुग्णाने मात्र पाणी डॉक्टर सांगतील तेवढंच प्यावं.

उन्हातून आल्यावर अंग दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेणं, इंजेक्शन घेणं, ही दुसरी सवय. शरीरात पाणी कमी असताना ही औषधं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळतात. पॅरासिटामॉल घ्या, आणि आधी पाणी प्या.

आरओवर दहा हजार घालवणाऱ्या घराने दीड-दोनशे रुपयांची एक तपासणी केलेली नसते, हे पाहून खरोखर वाईट वाटतं. सीरम क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा रक्तात किती साठला ते पाहणारी रक्ततपासणी. लघवीत पट्टी बुडवून प्रोटीन पाहिलं आणि पट्टी स्वच्छ आली म्हणून निश्चिंत होऊ नका. या आजारात प्रोटीन उशिरापर्यंत जात नाही, कारण बिघाड गाळणीत नसून नलिकांभोवतीच्या पेशीजालात असतो. आकडाही नुसता वाचू नका. क्रिएटिनीन १.३ आलं तर ४५ वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळतं त्याचा अंदाज) साधारण ६९ येतो, त्याच वयाच्या बाईचा ५२. तिचा अहवाल 'जवळपास नॉर्मल' म्हणून घडी घालून ठेवला जातो, आणि ६०च्या खालचा ईजीएफआर तीन महिने टिकला तर तो आजारच असतो. प्रयोगशाळेला अहवालावर ईजीएफआर छापायला सांगा. तपासणीच्या आदल्या दिवशी उन्हात राबू नका, मटण खाऊ नका, आणि ६०च्या खाली आला तर तीन महिन्यांनी पुन्हा करा.

कुणी काय घ्यावं? बुलढाण्यातल्या १४० गाव योजनेचं किंवा अकोटच्या ८४ खेडी योजनेचं वान प्रकल्पातलं पाणी घरात नियमित येत असेल तर आरओची गरज नाही, साधा यूव्ही पुरतो. ते पैसे तपासणीला ठेवा. उद्दानमलाही शेवटी २०२३ साली वंशधारेचं पाणी नळाने देण्याची मोठी योजनाच आणावी लागली, जारच्या प्लँटवर भागलं नाही. योजनेचं पाणी आठवड्यातून एकदाच येत असेल तर साठवण टाकी मोठी करा आणि एटीएमचा जार जोडीला घ्या. बोअरशिवाय काहीच नसेल आणि आकडा २०००च्या वर असेल, तर हाय टीडीएस मेंब्रेनचं मशीन घ्या, वर्षाच्या देखभालीचा करार आधी लिहून घ्या, आणि त्यात 'बायपास स्क्रू बंद ठेवायचा' ही ओळ स्वतःच्या हाताने घाला.